सातूच्या चोथ्याला चिकटलेलं शिसं

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे कराड, सांगलीकडे जातं. त्या पाण्यात एखाद्या कारखान्यातून शिसं उतरलं, तर ते डोळ्यांना दिसत नाही, उकळूनही जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला फक्त 0.01 मिलिग्रॅम. म्हणून ते कारखान्याच्या सांडपाण्यातच अडवायला हवं.

त्यासाठी एक साधा उपाय आहे: बिअर करताना मोड आलेल्या सातूचा ओला, तपकिरी चोथा उरतो. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून, धुऊन वाळवला, की त्याच्या तंतूंवर ऋणभाराच्या जागा मोकळ्या होतात. धनभाराचं शिसं, कॅडमियम तिथेच चिकटतं. आपल्या उसाच्या चिपाडांवरही सायट्रिक आम्लाने अशी प्रक्रिया करता येते, आणि चिपाडांना इथे काय तोटा!

एरवी सातूचा चोथा जनावरं आवडीने खातात. धातू शोषलेला चोथा मात्र गव्हाणीत कधीही टाकू नका.