स्वागताध्यक्षीय भाषण : कारल्याची परिषद, यवत

अध्यक्षमहाराज, दूरदूरच्या प्रयोगशाळांतून आलेले संशोधक, वैद्यमंडळी, बागायतदार बंधू आणि भगिनींनो,

कारल्याच्या पानांतील व फळांतील रासायनिक घटक हा विषय घेऊन आपण आमच्या यवतला आलात, याचा आम्हां ग्रामस्थांना झालेला आनंद मोठा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे एक गाव एवढीच आपली यवतशी ओळख असेल. परंतु ज्या भीमथडी तट्टांच्या बळावर मराठी फौजांनी मुलूखगिरी केली त्या भीमथडीचा हा प्रदेश आहे, १८५८ साली पुण्यापुढे निघालेला लोहमार्ग याच शिवारातून गेला, आणि मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी पोहोचल्यापासून येथील ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला व गुऱ्हाळे पेटली.

जवळच्या डोंगरावरील यादवकालीन भुलेश्वर महसुली दप्तरात पुरंदर तालुक्यातील माळशिरसच्या हद्दीत मोडतो हे मला मान्य आहे. तथापि त्याची वाट यवतहून चढते, आणि लहानपणापासून आम्ही त्यास आमचाच मानीत आलो. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने तेथे बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे आज अवशेषच उरले आहेत, परंतु मंदिरातील स्त्रीरूपी गणेश पाहिल्यावाचून कोणीही परत जाऊ नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. उद्या पहाटे गाड्या तयार राहतील.

पण यवतचे खरे वैभव ज्येष्ठ वद्यातल्या एका मुक्कामात आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी काळभैरवनाथाच्या देवळी विसावते, त्या दिवशी घरोघर चुली पेटतात, भाकऱ्यांच्या चळती टोपल्यांतून देवळाकडे येतात, मोठमोठ्या कढयांत पिठले रटरटते, आणि दिवसभर चाललेला वारकरी पोटभर जेवून निजतो. त्या भाकऱ्या थापणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मायमाउल्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. म्हणून आजच्या स्वागताचा पहिला मान मी त्यांना देतो.

आजच्या विषयाशी त्यांचा संबंध आहे, असे मी धिटाईने म्हणतो. मीठ चोळून कारले पिळणारे, चिंचगुळात ते शिजवणारे हात हेच आहेत. लोटलीकर आणि राजाराम राव यांनी फळातून वेगळ्या केलेल्या, रक्तातील साखर उतरविणाऱ्या चरांटिनाचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध केला. ते दोन स्टेरॉल-ग्लुकोसाइडांचे मिश्रण आहे असे मला सांगण्यात आले. पानांत मोमॉर्डिसिन ही कडू द्रव्ये आहेत. शंभर ग्रॅम फळात ८० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, तर प्रथिनांच्या बाबतीत कोवळे शेंडे फळाच्या कितीतरी पुढे आहेत. असे असता आमच्याकडे फळ बाजारात जाते आणि मांडव उतरताना वेल पानांसकट बांधावर पडतो. पिळलेल्या पाण्याबरोबर नेमके काय वाहून जाते, आणि बांधावर टाकलेल्या पाल्यात आम्ही काय गमावतो, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे आमच्या माउल्यांना कळतील अशा मराठीत येथून मिळाली, तर उसागुळाच्या या मुलखातील मधुमेही आपले ऋण विसरणार नाहीत. मात्र वैद्याने दिलेले औषध सोडून कोणी केवळ कारल्याच्या रसावर विसंबू नये, हेही याच व्यासपीठावरून सांगितले जावे.

आता उणिवांविषयी. काल सायंकाळी रेल्वे स्थानकावर उतरलेल्या पाहुण्यांना वाहनासाठी तासभर तिष्ठत बसावे लागले, हा दोष सर्वस्वी माझा. रात्री वीज गेली, निवासस्थानी पाणी अपुरे पडले, आणि वयोवृद्ध वैद्यराजांना जिना चढावा लागला, याची मला रात्रभर टोचणी लागली होती. आज खोल्यांची अदलाबदल केली आहे, पाण्याचे दोन टँकर उभे आहेत, जनित्रही आले आहे. तरी काही कमी पडल्यास संकोच न करता मला हाक मारावी.

मंडपाचे कापड व बांबू विनामूल्य देणारे व्यापारी, काहिलीतला ताजा गूळ पाठविणारे गुऱ्हाळमालक, तीन दिवस दुधाचा रतीब घालणारे शेतकरी, आपले वर्ग मोकळे करून देणारे शिक्षक, रात्री जागून सतरंज्या अंथरणारे तरुण, नाव जाहीर न करण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणारे दोन गृहस्थ, आणि आपल्या मांडवावरची ताजी कारली प्रदर्शनासाठी पाटीत भरून आणणाऱ्या वयोवृद्ध आजी, या सर्वांचा मी ऋणी आहे.

दुपारी पंगतीला पिठले-भाकरी आणि चिंचगुळातले कारले आहे. अध्यक्षमहाराजांनी आता स्थानापन्न होऊन परिषदेच्या कामकाजास आरंभ करावा, अशी मी यवतकरांच्या वतीने विनंती करतो.