सोन्याच्या दोन टोकांमध्ये एक रेणू
(रेण्वीय इलेक्ट्रॉनिकी परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



जळगावनगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

या परिषदेला सराफ कशाला स्वागताध्यक्ष, असे काहींच्या मनात आले असेल. अहो, तुमचेही काम सोन्यावाचून अडतेच की! गंधकाचा अणू सोन्याला घट्ट धरतो, म्हणूनच रेणूच्या दोन्ही टोकांना गंधक लावून त्याला सोन्याच्या दोन टोकांमध्ये बसवतात.

एकटा रेणू डायोडचे काम करील, हे एरी अव्हिराम आणि मार्क रॅटनर यांनी 1974 साली मांडले. रेणूचा एक भाग इलेक्ट्रॉन देणारा, दुसरा घेणारा आणि मध्ये अडसर. पण इवल्याशा रेणूला तारा जोडायच्या कशा? 1997 साली मार्क रीड, जेम्स टूर आणि सहकाऱ्यांनी रेणूंच्या द्रावणात सोन्याची तार ताणून तोडली आणि त्या फटीत दोन्ही टोकांना गंधक लावलेले बेंझीनचे रेणू बसवले.

आमच्याकडे तार तुटली की कारागीर हळहळतो. तुम्ही मात्र त्याच क्षणाची वाट बघता! तुटता तुटता तार एका अणूइतकी बारीक होते, तेव्हा तिचा रोध सुमारे 12.9 किलोओहम भरतो. ती तुटली आणि फटीत रेणू अडकला, की वीज वाहते, पण कितीतरी कमी.

तरी रेणूच्या रोधाचा एकदा मिळालेला आकडा खरा धरायचा नाही. रेणू दर वेळी निराळा बसतो. म्हणून 2003 साली शू आणि ताओ या संशोधकांनी सोन्याची सुई सोन्यावर टेकवत, उचलत असे हजारो जोड केले आणि मगच आकडा सांगितला. पडताळणी का हवी, याचा धडाही याच क्षेत्रात मिळाला होता. बेल लॅब्जच्या यान हेंड्रिक श्योन यांचे रेणूंच्या ट्रान्झिस्टरवरचे निबंध गाजले होते. इतरांना ते प्रयोग जमेनात. 2002 साली चौकशी झाली आणि माहिती बनावट ठरली.

म्हणून तरुण मित्रांना यजमानाच्या नात्याने सांगतो, इथे फसलेले प्रयोगही मोकळेपणाने मांडा आणि ज्येष्ठांच्या आकड्यांवरही बेधडक शंका विचारा. वाद सभागृहात रंगू द्या; जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, तिथे मतभेदाला वाव नाही.

व्यवस्थेत काही उणे राहिल्यास स्वागत समितीचे कान धरा.