'शॉडी' : एका शब्दाची घसरण
(माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



वह्या तपासताना 'शॉडी वर्क' असा शेरा इंग्रजीचे शिक्षक सर्रास देतात. शॉडी म्हणजे गबाळे, निकृष्ट. पण हा शब्द मुळात दूषण नव्हता; ते एका मालाचे नाव होते.

यॉर्कशायरमधील बॅटली गावी 1813 च्या सुमारास बेंजामिन लॉ यांनी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातण्याची रीत काढली. त्या मालाला शॉडी म्हणत. झडणे या अर्थाच्या 'शेड' या क्रियापदावरून हे नाव आले असावे, असा तर्क केला जातो. ज्यांना नवी लोकर परवडत नव्हती, त्यांच्या अंगावर त्यामुळे ऊबदार कोट आला. पुढे 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ठेकेदारांनी उत्तरेच्या सैनिकांना हलक्या शॉडीचे गणवेश पुरवले आणि ते पावसात विरले. लबाडी ठेकेदारांची, बदनाम झाले कापड!

मराठीतही असे घडलेच आहे. 'चंबूगबाळे आवरले' म्हणताना गबाळे म्हणजे साधे सामानसुमान. पण माणसाला गबाळा म्हटले की तो दोष. गोधडी मात्र बचावली. आजीच्या लुगड्याला नावे ठेवायची कोणाची छाती आहे?

आपण मराठी माणसे पानिपताला 1761 पलीकडे सहसा ओळखत नाही. आज तेथे परदेशांतून जुन्या लोकरी कपड्यांच्या गठ्ठ्यांच्या राशी येतात. स्त्रिया बटणे, चेन काढून रंगवार ढीग लावतात. त्यामुळे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. भूकंप-पुरानंतर वाटल्या जाणाऱ्या कितीतरी कांबळी याच सुताच्या. व्यापारात त्याला आजही शॉडीच म्हणतात, निंदा म्हणून नव्हे, मालाचे नाव म्हणून.

आपल्या वर्गांत थोरल्या भावंडाचा सदरा घालून येणारी मुले आहेत. म्हणून शिक्षकांना मी सांगितले आहे, काम उरकलेले असेल तर 'निष्काळजी' असे स्पष्ट लिहा; 'शॉडी' नको. काहींना हा फाजील हळवेपणा वाटतो. वाटो.

येत्या जूनपासून, आखूड झालेले पण धडके गणवेश ठेवण्यासाठी ग्रंथालयाशेजारी एक कपाट असेल. त्याला 'शॉडी' असे नाव मी सुचवले होते. शिक्षकसभेत ते एकमताने फेटाळले गेले.