पऱ्हाटीची ज्वाला आणि पऱ्हाटीचा धूर
(सावनेर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जैवइंधनाच्या ज्वलनाचे रसायनशास्त्र हा माझ्या प्रबंधाचा विषय. नाव प्रयोगशाळेतले वाटते. पण सावनेर तालुक्यात हा विषय कपाशीच्या शेतात उभा आहे. वेचणी आटोपली की पऱ्हाटी उरते. ती चुलीत जाते, नाहीतर धुऱ्यावर पेटविली जाते.

काडीतील ओल आधी वाफ होऊन जाते. पुढे सुमारे २०० ते ५०० अंश सेल्सियसच्या दरम्यान तिचे विघटन होते आणि कोरड्या वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग वायुरूप होतो. ज्वाला दिसते ती या वायूंची. मागे उरतो तो निखारा. पुरेशी उष्णता, प्राणवायू आणि थोडा अवधी मिळाला, तर वायू पूर्ण जळतात. यांपैकी एकही उणे पडले, की तेच वायू काजळी, डांबर व कार्बन मोनॉक्साइड होऊन गृहिणीच्या छातीत शिरतात. धूर म्हणजे न जळलेले इंधनच होय. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून गॅस आणला खरा, पण सिलिंडर पुरवायचा म्हणून पाणी तापवायला चूल पेटतेच, हे भगिनी मजपेक्षा अधिक जाणतात.

एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते. म्हणूनच पऱ्हाटी घरामागे रचून वाळवितात. येथे मात्र पेच आहे. रचलेल्या पऱ्हाटीच्या किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी पुढील हंगामापर्यंत तग धरते. म्हणून कृषितज्ज्ञ ती साठवू नका, असे बजावतात. सल्ला रास्त आहे, पण चुलीचे काय?

वेचणी संपताच पऱ्हाटीचा गावातच भुगा करून, वाळवून, दाबून कांड्या करणे हा एक मार्ग. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्रात यावर काम झाले आहे. कांडी कोरडी व एकसारखी असल्याने तिला हवा बेताने देता येते. २०२१ च्या केंद्रीय धोरणानुसार औष्णिक केंद्रांनी कोळशात अशा कांड्या मिसळावयाच्या आहेत, आणि खापरखेडा केंद्र याच तालुक्यात आहे. मात्र पिकांच्या अवशेषांतील पोटॅशियम व क्लोरीनमुळे राख लवकर मऊ होऊन बॉयलरच्या नळ्यांना चिकटते. मिश्रणाचे प्रमाण बेताचे ठेवण्याचे हे एक कारण. शिवाय पऱ्हाटी वजनाला हलकी, जागेला भारी. दूर वाहून नेणे परवडत नाही. ग्रामपंचायतींनी भुग्याचे यंत्र बांधापर्यंत आणण्याचा विचार करावा.

शिक्षकांना एक सुचवितो. ताजी पऱ्हाटी वर्गात तोलावी, आठवडाभर उन्हात ठेवून पुन्हा तोलावी, आणि घटलेले वजन मुलांकडून ५४० ने गुणवून घ्यावे.