निळ्या रेघांचे वाडगे



जपानमधील योदो नदीतून ओसाका आणि क्योतो यांच्या दरम्यान पूर्वी उतारूंच्या होड्या ये-जा करीत. हिराकाता गावापाशी लहान होड्या त्यांना येऊन भिडत आणि विक्रेते ओरडत, 'कुरावांका!' मराठीत सांगायचे तर 'गिळता का रे?' असाच उर्मट सूर. ज्या जाड, निळ्या-पांढऱ्या वाडग्यांतून हे अन्न मिळे, त्यांनाही पुढे तेच नाव चिकटले. होडी हलली तरी वाडगा लवंडू नये म्हणून बूड जड ठेवीत, असे सांगतात.

हे वाडगे मुख्यत्वे क्यूशू बेटावरील हासामीचे. शेजारचे आरिता अधिक नामांकित. तेथील माल इमारी बंदरातून जाई, म्हणून 'इमारी' हे नाव जगभर झाले. आरिता येथे पोर्सेलीनचा आरंभ १६१६ साली री साम्पेई या कोरियन कुंभाराने केला, अशी परंपरा आहे. हिदेयोशीच्या १५९२ ते १५९८ च्या कोरियावरील स्वाऱ्यांत असे अनेक कारागीर जपानात आणले गेले, कित्येक तर बळजबरीने. निळ्या रेघांचे कौतुक करताना ही गोष्ट सहसा कोणी काढीत नाही.

हासामीच्या डोंगरउतारावर खोलीमागून खोली चढत गेलेल्या भट्ट्या होत्या. काहींची लांबी दीडशे मीटरांहून अधिक. एवढी भट्टी भरायची तर कुंचल्याला थबकून कसे चालेल? शेकडो वेळा काढता काढता फूल चार फटकाऱ्यांवर आले, आणि त्यातच त्याला डौल आला. कोबाल्टचा रंग कच्च्या भांड्यावर काळसर दिसे. झिलईखाली, भट्टीच्या आचेत तो निळा होई. बशांच्या मध्यभागी झिलई खरवडून एक वलय कोरे ठेवीत, म्हणजे एकीवर एक रचून भाजता येत. मेइजी काळात छापील नक्षी आणि युरोपचा भडक कोबाल्ट आला.

१९२५ मध्ये यानागी सोएत्सु व त्याच्या मित्रांनी 'मिंगेई', म्हणजे लोककला, हा शब्द घडवला. १९३६ मध्ये तोक्योत तिचे संग्रहालय उघडले. तोवर ही भांडी स्वयंपाकघरातच झिजत होती. फुटली तर सोन्याची सांधणी श्रीमंतांच्या चहापात्रांना. साध्या वाडग्याला फिरता कारागीर काचेच्या भुकटीने सांधून पुन्हा भाजून देई. भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तो बुडाशी तांबड्या रंगात घरधन्याची खूण करी. घडवणाऱ्याचे नाव मात्र त्या बुडावर बहुधा नसतेच.