दोर का तुटला?



गिर्यारोहणावर व्याख्यान म्हटले, की श्रोत्यांची अपेक्षा शिखराची असते. मी मात्र आज दोरावर बोलणार आहे. ज्याच्या भरवशावर माणूस कड्याला लोंबकळतो, त्या दोराची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर मॅटरहॉर्न नावाचे शिखर आहे. एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा, लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर १८६१ पासून त्याच्या मागे लागला होता. कितीदा तो हात हलवीत परत आला! १८६२ मध्ये एकटाच उतरत असता जवळजवळ दोनशे फूट गडगडला. डोके फुटले, जीव वाचला. पण गडी असा, की प्रत्येक अपयशातून काही शिकून येई. वाऱ्यात टिकणारा तंबू त्याने स्वतः बेतला, खडकात अडकवायचा लोखंडी आकडा घडवला.

अखेर १४ जुलै १८६५ रोजी दुपारी सातजण माथ्यावर पोहोचले. उतरताना सर्वांत पुढे वाटाड्या मिशेल क्रो, मागे एकोणीस वर्षांचा नवखा हॅडो, मग हडसन, लॉर्ड डग्लस आणि थोरला पीटर तौग्वाल्डर. क्रो हॅडोची पावले हातांनी धरून खडकावर ठेवीत होता. हॅडोचा पाय सुटला, तो क्रोवर आदळला आणि त्या दोघांनी मागच्या दोघांना ओढले. पीटर, त्याचा मुलगा आणि व्हिंपर यांनी खडकाला मिठी मारली. दोर ताणला आणि पीटर व डग्लस यांच्यामध्ये तुटला. चौघे सुमारे चार हजार फूट खाली हिमनदीवर गेले. डग्लसचा देह कधीच सापडला नाही.

लोक म्हणू लागले, पीटरने दोर कापला. सूर्याजीने सिंहगडावर दोर कापल्याची कथा आपण लहानपणापासून अभिमानाने ऐकतो. इथे तोच खुनाचा आरोप झाला! चौकशीत तो टिकला नाही. दोर तुटलाच होता. कारण तो दोर चांगला नव्हता.

मंडळींजवळ तीन प्रकारचे दोर होते. तुटला तो तिसरा, सर्वांत हलका. तो खडकाला बांधून मागे सोडून देण्यासाठी आणलेला. माणसे बांधण्यासाठी नव्हेच. बळकट मनिला दोर त्याच वेळी वापराविना पडून होता. आणि दोरांची परीक्षा इंग्लंडच्या अल्पाइन क्लबने आदल्याच वर्षी केली होती. बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन दहा फुटांवरून टाकून कोणता दोर टिकतो, ते पाहिले होते. ज्ञान होते, वस्तू होती. घाईत गाठ मारताना हाती आला तो दोर घेतला गेला, आणि कोणी तो तपासला नाही.

पण मनिलाही पुरेसा होता का? झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, नाही तर तळवे झणझणतात. ताग वा मनिलाचा दोर फारसा मागे जात नाही, सारा हिसका एकदम बसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉन आला. तो ताणतो आणि हिसका गिळतो. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडलरिड कारखान्याने आत तंतूंचा गाभा व बाहेर विणलेली आवरणी अशा बांधणीचा दोर बाजारात आणला. गिर्यारोहणाचे आजचे दोर साधारण त्याच घडणीचे. एकेरी वापरायच्या दोराला ८० किलोचे वजन सोडून निदान पाच हिसके सोसावे लागतात, तेव्हा तो विक्रीस योग्य ठरतो.

नायलॉनचे वैरीही आहेत. आम्लाचा थेंब लागला तर तो आतून कुजतो, वरून दिसत नाही. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची धारदार कड त्याहून वाईट. ताणलेला दोर त्यावर आडवा घासला, तर पाच हिसक्यांची परीक्षा काही कामाची नाही. म्हणून कडेखाली जाड कापड घालतात. मोठा हिसका खाल्लेला दोर, वरून कितीही नवा दिसो, चढाईसाठी पुन्हा घेऊ नये. तो सामान बांधायला ठेवावा. दोर कधी घेतला आणि त्याने किती सोसले, याची वही ठेवावी. चढणाऱ्यांतले शहाणे ती ठेवतातच, आणि त्यांना कोणी कंजूष म्हणत नाही.