मुखाचा कर्करोग आणि वेळेवरची तपासणी
(संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात केलेले भाषण)



आपल्या अधिवेशनात शिक्षण, हुंडा आणि वसतिगृह या विषयांवर दरवर्षी भाषणे होतात, व ती व्हावयासच पाहिजेत. यंदा कार्यकारी मंडळाने मला आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन खेड्यातील शाळांत मुले शिकविली, एवढीच माझी पुंजी. परंतु आजच्या विषयास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. एक बॅटरी, स्वच्छ हात आणि पाहणाऱ्याचे लक्ष एवढ्या सामग्रीवर ज्याची सुरुवात होते, असा हा विषय आहे. मुखाचा कर्करोग वेळीच कसा ओळखावा, हे मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

भारतातील पुरुषांस होणाऱ्या कर्करोगांत मुखाचा कर्करोग अगदी अग्रभागी आहे. त्याचे कारण आपल्या खिशात, चंचीत आणि पुडीत आहे, हे मी सांगावयास नको. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्यासारखा लोकप्रिय पुढारी 2015 साली याच रोगाने आपल्यातून गेला. गुटख्यावर 2012 सालापासून राज्यात बंदी आहे. ती किती पाळली जाते हे प्रत्येकाने आपल्या गावच्या नाक्यावर पाहावे. व्यसनमुक्तीवर आजवर पुष्कळ भाषणे झाली, आणि ती ऐकून बाहेर येताच बार भरणारे श्रोतेही मी पाहिले आहेत. म्हणून आज तंबाखू सोडा असा उपदेश करण्यात वेळ न दवडता, जे खातात त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काय पाहावे, तेवढेच सांगतो.

पोटातील किंवा फुप्फुसातील रोग डोळ्यांस दिसत नाही, मुखातील दिसतो. शिवाय तो बहुधा एकाएकी उद्भवत नाही. ज्या ठिकाणी तंबाखूचा बार धरला जातो, तेथे गालाच्या आत किंवा हिरडीलगत पांढरा चट्टा येतो. तो पुसून जात नाही आणि दुखतही नाही. लाल, मखमली दिसणारा चट्टा याहून अधिक घातक समजावा. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांचे गाल आतून ताठर होतात, तिखट लागताच आग होते, आणि हळूहळू तोंड इतके आखडते की आपलीच तीन बोटे उभी आत जात नाहीत. दोन आठवड्यांत भरून न येणारा व्रण किंवा मानेतील गाठ दिसली तर मुळीच थांबू नये. प्रत्येक चट्टा कर्करोग होतो असे नाही, बहुतेक होतही नाहीत. कोणता चट्टा कसा आहे हे मात्र डॉक्टरांनी पाहून, जरूर तर त्याचा लहानसा तुकडा तपासून ठरवावे लागते. दुखत नाही म्हणून काही नाही, ही आपली समजूत या रोगाच्या फार उपयोगी पडते.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी मोठे काम झालेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांची मुखे तपासली व तो अभ्यास 1972 साली प्रसिद्ध केला. एक लाख माणसांना एकेक करून तोंड उघडावयास लावणे म्हणजे काय, हे ज्याने शाळेत पन्नास मुलांचे दात तपासून घेतले आहेत त्याला विचारा!

तथापि चट्टा दिसणे आणि जीव वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या. तपासणीने मृत्यू खरोखर कमी होतात काय, याचा कसून शोध केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 सालापासून घेण्यात आला. तेरा पंचायतींतील पस्तीस वर्षांवरील सुमारे 1,90,000 लोक त्यात होते. काही पंचायतींत शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन मुखे पाहत. ते डॉक्टर नव्हते. उरलेल्या पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था राहिली. 2005 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू अथवा दारूचे व्यसन असणाऱ्यांत, तपासणी झालेल्या पंचायतींत मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले होते. ज्यांना व्यसन नव्हते त्यांच्यात असा लाभ दिसला नाही. म्हणजे कोणाचे तोंड आधी पाहावयाचे, तेही यातून ठरले.

त्याच शोधातील आणखी एक आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या मुखात संशयास्पद खूण आढळली, त्यांपैकी दर शंभरांत पस्तीसहून अधिक माणसे पुढे डॉक्टरांकडे गेलीच नाहीत. केरळासारख्या सुशिक्षित प्रांतात ही गत, तर आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात काय असेल?

आपल्याकडे सोयी नाहीत असे नाही. शासनाच्या कार्यक्रमाप्रमाणे तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मुखतपासणी उपकेंद्रात करून मिळते व तीस पैसे लागत नाहीत. पुढील तपासणीस अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीस कर्करोगाचे रुग्णालय आहे; बार्शी, परांडा व आपल्या जिल्ह्याला लागून असलेला भूम या भागातील खेड्यांत 1987 सालापासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवली जाते. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे.

मग अडते कोठे? ते पंचांगात अडते. आपल्या समाजातील शेकडो कुटुंबे दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. हिवाळ्यात गावात तपासणीचे पथक आले तर त्यास भेटतात म्हातारी माणसे, शाळेतील मुले आणि माझ्यासारखे पेन्शनर. ज्याच्या गालात बार आहे तो फडात, आणि त्याच्या बायकोच्या दातांना लावलेली मशेरीही तेथेच.

मशेरीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. भगिनींनी रागावू नये. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही पूड आपण दंतमंजनात धरतो, व्यसनात धरत नाही. तपासणीस आलेल्या सेविकेने ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बाई ‘नाही’ म्हणते. ती खोटे बोलत नसते. सासऱ्यादेखत तोंड उघडून दाखविणे तिला अवघड वाटते ते वेगळेच. म्हणून प्रश्न ‘मशेरी लावता का?’ असा असावा, आणि तो बाईनेच बाईला, आडोशाला विचारावा.

माझ्या एका चुलत वहिनींच्या डाव्या गालातील चट्टा गावच्या आशाताईंनी पोळ्याच्या सुमारास पाहिला आणि तालुक्याला जाण्यास बजावले. परंतु मुकादमाची उचल घेतलेली होती. कोयता म्हणजे जोडी. एक जण मागे राहिला तर दुसऱ्याचीही मजुरी बुडते. ‘पाडव्याला आल्यावर पाहू’ असे घरात ठरले. वहिनी स्वतःही तेच म्हणाल्या, कारण दुखत काहीच नव्हते. पाच महिन्यांनी परतल्या तेव्हा तेथे व्रण झालेला होता. शस्त्रक्रिया झाली, पुढे किरणोपचारही झाले. आज त्या आहेत, नातवंडांत रमतात. मात्र भाकरी दुधात कुसकरून खावी लागते आणि बोललेले नवख्या माणसास कळत नाही. यात मी कोणास दोष देत नाही. उचलीच्या हिशोबात चट्ट्याला रकाना नव्हता, इतकेच.

तेव्हा माझी विनंती व्यवहाराची आहे. संस्थेने दरवर्षी पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंतच्या दिवसांत, टोळ्या निघण्यापूर्वी, प्रत्येक गावी मुखतपासणी व्हावी म्हणून आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करावी. गुणगौरवाच्या खर्चातील शाली आणि नारळ थोडे कमी केले तर संशयित रुग्ण व सोबतीचा एक माणूस यांचे अंबाजोगाईचे किंवा बार्शीचे एस.टी. भाडे सहज निघेल. आपल्या समाजातील जे मुकादम येथे बसले आहेत, त्यांनी ज्याला चिठ्ठी मिळाली आहे त्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या जोडीस आठ दिवस मागाहून येऊ द्यावे व त्याबद्दल उचलीतून काही कापू नये. मुकादमाचीही ओढाताण असते हे मी जाणतो; कारखाना त्याला थांबू देत नाही. पण आठ दिवसांनी फड ओस पडत नाही.

शेवटी एक वही. तीत प्रत्येक गावचे नाव, चिठ्ठी मिळालेल्या माणसाचे नाव, तो डॉक्टरांकडे गेला ती तारीख आणि तेथे काय सांगितले, एवढेच लिहावयाचे. गेला नसेल तर पुढच्या रविवारी दोघांनी त्याच्या घरी जावयाचे. ही वही चारचौघांत वाचावयाची नाही. मुलीच्या सोयरिकीच्या भीतीने लोक रोग लपवितात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. माझ्या भागातील आठ गावांची वही ठेवण्यास मी तयार आहे, अक्षर अजून बरे आहे. बाकीच्या गावांची कोणाकडे द्यावी, ते दुपारच्या बैठकीत ठरवावे.